सकाळी जायचं, रात्री घरी : मच्छीमार गावातली स्वस्तातली एक दिवसाची सहल, तुमचे अनुभव सांगा

रिसॉर्ट नको, स्वतःची गाडी नको, मुक्काम तर नकोच. सकाळी लोकल नाहीतर एस्टी पकडायची, एखाद्या कोळीवाड्यात दिवसभर भटकायचं आणि रात्री जेवायला घरी. अशी सहल केली असेल तर इथे लिहा. कसे गेलात, किती पैसे गेले, काय फसलं. फसलेलं जरूर लिहा, छान छान सगळेच सांगतात.

सुरुवात मीच करते. अर्नाळा. विरारला पश्चिमेला उतरलो, बसने अर्नाळा गाव, तिथून किनाऱ्यावर चालत. किल्ला समोरच्या बेटावर आहे आणि जायला होडी. आम्ही गेलो तेव्हा होडी धक्क्याला वगैरे लागत नव्हती, सरळ पाण्यात उतरायचं आणि कठडा धरून स्वतःला आत ढकलायचं, मी घातली होती जीन्स, ती मांडीपर्यंत भिजली ती घरी येईपर्यंत वाळली नाही. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, घरांच्या मधून वाट विचारत विचारत किल्ल्याशी पोचलो. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत, आत अष्टकोनी तळं आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हे बेट घेतलं. तटावरून चक्कर मारायला तासभर पुरतो. येताना मात्र ओहोटी लागली होती, होडी अलीकडे येईना, दीड तास नुसते वाळूत बसून. डबा घरचा होता म्हणून दोघांचे मिळून चारशेच्या आत भागलं.

---

ताई, तो दीड तास वाचला असता. आमचे आजोबा कॅलेंडरवरची तिथी बघून भरती सांगायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या नि पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण सहलीपुरतं चालतं. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारचा कुणाचा तरी अनुभव वाचून या रविवारी जाऊ नका.

---

आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या. मार्च २०२३ पासून एस्टीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून आमचे पाय घरात ठरत नाहीत. यावेळी अलिबागहून मुरूडच्या रस्त्याची एस्टी धरून कोर्लईला गेलो. रेवदंडा, मग साळावचा पूल, पुढे कोर्लई. गावात शिरलं की समोर समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते, तिच्यावर किल्ला, वाटेत दीपगृह. किल्ल्याचं सगळीकडे वाचायला मिळेल, मला सांगायचंय ते वेगळंच. एका घराच्या ओट्यावर दोन बायका भांडत होत्या आणि आम्हाला एक अक्षर कळेना, मराठी नाही, कोकणी नाही. हसल्यावर त्याच म्हणाल्या, ही आमची नौ लिंग. पोर्तुगीजांच्या वेळेपासून चालत आलेली, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली, नावाचा अर्थच 'आमची भाषा'. भांडण तसंच ठेवून दहा मिनिटं आम्हाला शब्द शिकवले आणि मग परत सुरू, तेही पहिल्यापासून. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकही शब्द राहिला नाही पण सूर अजून कानात आहे.

मुंबईहून येणाऱ्यांनी एवढं बघा, गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट हवामान बघून धरायची, नाहीतर रस्त्याने यावं लागतं आणि मग एका दिवसात फार दमायला होतं.

---

हर्णै. गावाला दापोलीत गेलो की एक संध्याकाळ तिकडे ठरलेली. समोर सुवर्णदुर्ग, बोटी खोल पाण्यात उभ्या, आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या अर्ध्या पाण्यात. बैल इतके सरावलेले की लाट आली की नुसती मान वर करतात. मग वाळूतच ढीग ओततात आणि लिलाव. गेल्या वर्षी मला जोर आला. बांगड्याच्या पाटीचा भाव ऐकला, मनात घरच्या बाजाराशी तुलना केली आणि घेऊन टाकली. बायको म्हणाली ठेवणार कुठे. बर्फ नाही, पिशवी नाही, पाटी त्याची त्याला परत द्यायची. शेवटी माझा रेनकोट पसरून त्यात बांगडे बांधले आणि एस्टीत मागच्या सीटवर पायाशी गाठोडं घेऊन बसलो, प्रत्येक वळणावर लोक वळून बघतायत. अर्धे आळीत वाटले. स्वस्तात पडले का विचारू नका, रेनकोट नवा घ्यावा लागला.

---

मी वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, तेव्हा पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगते, राग मानू नका.

बोंबील वाळत घातलेले बघून सगळे फोटो काढतात, काढा, पण जवळ जाऊन कधी बघितलंय का ते कसे टांगलेत? दोरा नाही, आकडा नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या आडव्या बांबूवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. लहानपणी मी तासन्‌तास हेच केलंय, दातांनी बोटं खरचटतात, मग मिठाच्या पाण्याने झोंबतात. तर ते हात लावून हलवून बघू नका, जोडी सुटली की खाली वाळूत, आणि वाळू चिकटलेला बोंबील कोण घेणार. जमिनीवर जवळा पसरलेला असतो तो रस्ता नाही. जाळ्यावरून चपला घालून जाऊ नका, आमच्या घरात तर बिनचपलेचंही चालायचं नाही.

आणि १ जून ते ३१ जुलै येऊन मासे कुठे विचारू नका. तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा हंगाम असतो. बोटी वर ओढून झाकलेल्या. त्या दिवसांत ताटात मोठं पापलेट आलं तर ते बहुतेक बर्फातलं समजा. नारळी पौर्णिमेनंतर या. वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढला फेरीबोट जाते, पाच-दहा मिनिटांचं पाणी, स्कूटरसुद्धा चढते, याच्याहून स्वस्त समुद्रप्रवास मला माहीत नाही.

---

वरच्या ताईंशी सहमत. मी शाकाहारी, नवरा नाही. मढला तो जेवला, मी पोळीभाजी काढली, खानावळीतल्या मावशींनी न मागता सोलकढी आणून ठेवली आणि पैसे लावले नाहीत. वासाचं म्हणाल तर पहिली पंधरा मिनिटं. नंतर नाक गप्प बसतं. कपडे मात्र गप्प बसत नाहीत.

---

माझी फसलेली. पापलेटसाठी सातपाटीचं नाव ऐकून होतो, पालघरला उतरून बसने गेलो, पोचलो भर बाराला. गाव झोपलेलं. बाजार नाही, बोट नाही, कुत्रंसुद्धा सावलीत. परत फिरणार तेवढ्यात एका पडवीत एक आजोबा जाळं दुरुस्त करताना दिसले. बाजूला बसू का विचारलं, मानेनेच बस म्हणाले. फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचा, सुई आत, वळसा, गाठ, आणि जाळ्याचं प्रत्येक घर बांबूच्या एकाच पट्टीवर मापून. पट्टी हाताने इतकी झिजलेली की चकाकत होती. अर्ध्या तासाने पहिलं वाक्य बोलले, "पापलेट राज्यमासा झाला म्हणतात." मी म्हटलं हो आजोबा, २०२३ मध्ये. "मग आता मोठा व्हायला सांगा त्याला." परत गप्प. चारच्या बसने निघालो, पिशवी रिकामी.

---

आजोबा भारी! एक विचारायचं होतं, या शनिवारी आईला घेऊन अर्नाळा बेटावर जायचा विचार आहे, तिथी सप्तमी दाखवतेय. आई ६८ ची, गुडघे बरे आहेत. कितीला निघू?

---

सात पाऊण सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती आणि अकराच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी. आठच्या आत किनाऱ्यावर पोचा, पाणी असेपर्यंत पलीकडे जा, आणि परतीला तीननंतरच होडी धरा. जायच्या आधी किनाऱ्यावर होडीवाल्यालाही विचारा, त्याला आपल्या गणितापेक्षा जास्त कळतं. आईंना चढताना दोघांनी धरा. आणि साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, जीन्स तर नकोच.