नाणं, किल्ली, यू पिन घेऊन जवळून करायची जादू : भाचीनं हातच धरला, आता काय करू?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो. गेल्या दिवाळीपासून हातचलाखीचा नाद लागलाय आणि तो आता काय सुटत नाही. पत्त्यांचं नाही करत, पत्ते हातात दिसले की आजी लगेच जुगाराचं नाव काढते, म्हणून ठरवलं की जे खिशात आणि दुकानात असतंय त्यावरच करायचं, म्हणजे नाणी, वायसर, नट, किल्ली, अंगठी, यू पिना.

माझी अडचण अशी आहे की मी फ्रेंच ड्रॉप (दुसऱ्या हातानं नाणं उचलल्यासारखं करायचं, पण ते पहिल्याच हातात पडू द्यायचं) आणि साधा खोटा ट्रान्सफर (उजव्या हातातलं नाणं डाव्यात ठेवल्यासारखं करायचं पण ठेवायचं नाही) रोज तासभर करतो, आरशात बघितलं तर मला स्वतःलाच खरं वाटतं. पण परवा भाचीला दाखवलं, नऊ वर्षांची आहे, तिनं डाव्या मुठीकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ माझा उजवा हात धरला आणि एकेक बोट उलगडून नाणं काढून घेतलं. घरातले सगळे हसले, मला मात्र रात्रभर झोप नाही. दुसरं म्हणजे दोन नाणी एका हातात असली की किणकिण होते आणि तिथंच सगळं संपतं. तिसरं, पावसाळ्यात हाताला घाम सुटतो आणि नाणं घसरतं.

पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचा साखरपुडा आहे, तीस-चाळीस माणसं घरचीच. मला जेवणाच्या टेबलाटेबलावर जाऊन दहा मिनिटं करायचंय. नाणं कुठलं घेऊ, ऑनलाइन मिळतात ते सेट मागवू का, आणि आपल्याकडची माणसं हातच धरतात त्याला काय उपाय? मनापासून शिकायचंय, जाणकारांनी सांगा.

उद्यमनगर_टर्नर

भावा, आधी नाण्याचं बोलू कारण तिथंच निम्मी गडबड आहे. पुस्तकात आणि व्हिडिओत जे हात दिसतात ते बहुतेक अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बसवलेले असतात, ते नाणं साडेतीस मिलिमीटरचं आणि अकरा ग्रॅमच्या वर. आपला २०१९ नंतरचा नवीन रुपया वीस मिलिमीटर आणि तीन ग्रॅम. म्हणजे तू तळव्यात धरायला जातोयस आणि तिथं धरायला काही नाहीच. दहाचं किंवा वीसचं घे, दोन्ही सत्तावीस मिलिमीटर, वीसचं साडेआठ ग्रॅम भरतं आणि त्याला बारा कोन आहेत, ते कोन अंगठ्याखालच्या मांसात मस्त रुततात, घाम असला तरी घसरत नाही. लोकांच्या हातात वीसचं नाणं अजून कमी असतं त्यामुळं ते बाहेर काढलं की माणूस आपोआप वाकून बघतो, हा फायदा वेगळाच.

प्रॅक्टिसला मी लेथवर पितळी वायसर करून घेतलेत, मधे भोक न पाडता, दहाच्या नाण्याच्या मापाचे आणि कडेला बारीक नर्लिंग म्हणजे खाचा मारून. दुपारच्या सुट्टीत तेच घेऊन बसतो. तू हार्डवेअरमधला आहेस, तुला साधे भोकाचे वायसर फुकट मिळतील, दोरीवरची जादू त्याच्यावर कर, अंगठीपेक्षा बरी.

किणकिणीचं मूळ कारण म्हणजे नाणी आधी एकमेकांपासून सुटतात आणि मग आपटतात. दोन नाणी हातात आली की आधी एकमेकांना चिकटून बसली पाहिजेत, मग हात हलवायचा. पहिल्या नाण्याची कड बोटाच्या पेराला टेकवायची आणि दुसरं त्याच्यावरनं सरकवत आणायचं, वरून टाकायचं नाही. रात्री घरची झोपल्यावर अंधारात कर, कान लगेच सांगतो.

मॅग्नेटबद्दल विचारलं नाहीस तरी सांगतो. एक आणि दोनची आत्ताची नाणी स्टेनलेस स्टीलची, ती चुंबकाला चिकटतात. पिवळं पाच निकेल-ब्रासचं, ते चिकटत नाही. यावर बरंच करता येतं. पण एक कर, घरात लहान पोरं असतील तर ते छोटे ताकदवान मॅग्नेट कुठंही सोडू नको, दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून बसतात आणि ऑपरेशनपर्यंत वेळ येते. आणि खरी नाणी कापून किंवा घासून पोकळ नाणं करायला जाऊ नको, नाणं कापणं वितळवणं कॉइनेज अ‍ॅक्ट २०११ प्रमाणे गुन्हा आहे. आमच्याकडं काही जण असली कामं घेऊन येतात, मी सरळ परत पाठवतो.

जुना_हात_कोल्हापूर

वरच्या भावानं मापाचं बरोबर सांगितलं. मी वीसेक वर्षं लग्नं, बारशी, मुंजी यात करतोय, हातात जे शिकलो ते सांगतो, जरा मोठं होईल.

तुमच्या भाचीनं उजवा हात का धरला? तुमच्या हातात चूक नव्हती, चूक नजरेत होती. आरशासमोर करताना माणूस लपवणाऱ्या हाताकडंच बघतो कारण त्याला दिसतंय का नाही हे तपासायचं असतं. ती सवय लागली की माणसांसमोर पण डोळे तिथंच जातात, आणि लहान मूल तुमच्या हाताकडं बघतच नाही, तुमच्या डोळ्यांकडं बघतं. २००६ साली इंग्लंडमध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी चेंडू गायब करायच्या खेळावर प्रयोग केला होता. आधी दोनदा चेंडू खरंच वर फेकायचा आणि शेवटच्या वेळी हातातच ठेवून नुसतं फेकल्यासारखं करायचं. जादूगाराची नजर वर गेली तर तीनातल्या जवळजवळ दोघांना चेंडू वर जाताना चक्क दिसला, नजर हातावर राहिली तर ते प्रमाण अर्ध्यावर आलं. चेंडू वर गेलेलाच नव्हता हो! नुसत्या नजरेनं गेला.

म्हणून आरसा आता बंद. मोबाइल स्टँडवर लावा, रेकॉर्ड करा, आणि करताना समोर भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोला.

आता एक ट्रान्सफर नीट सांगतो. नाणं उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, कडेनं धरलेलं, दिव्याचा उजेड त्यावर पडू दे. डावा तळवा उघडा. नाणं तळव्याच्या मधोमध खरंच टेकवा, त्याचा गारवा तुम्हाला लागला पाहिजे. आता डाव्या हाताची बोटं करंगळीपासून मिटायला लागतात, एक, दोन, तीन, आणि ती बोटं नाण्यावर येतायत तोवर उजव्याचा अंगठा नाणं मागं ओढून बोटांच्या मुळाशी नेतो. डावी मूठ पूर्ण मिटली की ती थोडी वर उचला आणि तिच्याकडंच बघा. त्या मुठीत आता साडेआठ ग्रॅम आहेत असं मनगटाला वाटलं पाहिजे. उजवा हात तिथून घाईनं पळवू नका, इथंच सगळे पकडले जातात. तो आपला सैल खाली येतो, जसा चहाचा कप ठेवल्यावर येतो तसा.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, हात धरतात त्याचं काय. याला उत्तर एकच, पेन. डावी मूठ समोर धरून विचारा, "किती वाजता गायब करू?" काहीही विचारा, समोरचा तुमच्या तोंडाकडं बघेल, आणि तेवढ्यात उजवा हात खिशातलं पेन काढायला जातो. नाणं खिशात राहतं, पेन बाहेर येतं. पेनानं मुठीवर हलकं टकटक करा, मूठ उघडा. आता भाचीनं दोन्ही हात धरू देत, बाह्या वर करू देत, काय मिळणार? तुम्ही आत्तापर्यंत लपवून उभे राहत होता, लपवून उभं राहायचंच नाही, माल खाली ठेवूनच मूठ उघडायची. आपल्याकडची माणसं हात धरतात ही अडचण नव्हे, उलट ती प्रेमानं जवळ येतात, त्यांना धरू द्यायचं आणि रिकामं दाखवायचं. त्याच क्षणी जो आवाज येतो ना टेबलावरनं, त्याच्यासाठीच मी अजून करतोय.

स्कॉटलंडमध्ये एअर म्हणून गाव आहे तिथला जॉन रॅमसे, १९६२ ला वारला, नाण्यांच्या कामात जगभर नाव. तो धंद्यानं किराणा दुकानदार होता. तुम्ही पण काउंटरवरचे, म्हणून आवर्जून सांगितलं. दिवसभर सुट्टे पैसे देता घेता, त्या वेळी हात कसे हलतात ते बघून ठेवा, जादू करताना अगदी तसेच हलले पाहिजेत. गिऱ्हाइकाला दहाचं नाणं देताना तुम्ही स्वतःच्या बोटांकडं कधी टक लावून बघता का?

एक सांगायचं राहिलं. साखरपुड्यात कुणाची सोन्याची अंगठी मागून घेऊ नका. मी एकदा नवऱ्या मुलाच्या मामांची घेतली होती, हातातनं निसटून घरंगळत जाजमाखाली गेली, हॉलमधली निम्मी माणसं गुडघ्यावर बसून शोधत होती, मिळाली वीस मिनिटांनी, पण त्या वीस मिनिटांत मामांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तेव्हापासून पितळी वेढंच वापरतो.

मंगळवारपेठकर

जुना हात साहेब, दोन वेळा वाचलं, पेनाचं वाचून अंगावर काटा आला. इतकं साधं आहे आणि मी सहा महिने आरशापुढं उभा. टर्नर भावा, वीसची चार नाणी आजच गल्ल्यातनं बदलून घेतली, खरंच रुततात. एक शंका, सगळंच नाण्याचं केलं तर टेबलावर कंटाळा नाही का यायचा? नाणी सोडून काय घ्यावं?

शिरोळच्या_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वर्गात पोरांना गोळा करायला गेली काही वर्षं हेच करते त्यामुळं हात थोडा चालतो, बाकी तुमच्यासारखी कलाकार नाही पण दोन गोष्टी नक्की सांगीन.

एक यू पिना. कोरी नोट घ्या, मऊ पडलेली नको, इंग्रजी झेडसारखी तीन पदरी दुमडा. वरून बघितलं की तीन पदर दिसतात. एक यू पिन पुढच्या आणि मधल्या पदराला लावा, दुसरी मधल्या आणि मागच्या. मग दोन्ही टोकं धरून एकदम ताणा. दोन्ही पिना उडतात आणि खाली पडेपर्यंत एकमेकीत अडकलेल्या असतात. यात लपवायचं काहीच नाही, घडीच ते काम करते. म्हणून पोरांना करूनच देते आणि मग विचारते की का झालं असेल, पुढचे दोन तास घडी घालण्यात जातात. साखरपुड्यात नवरा नवरी दोघांकडनं एकेक पिन लावून घ्या, अडकून पडल्या की काय बोलायचं ते मी सांगायची गरज नाही, बायका आधीच टाळ्या वाजवतात.

दुसरी किल्ली. आत्ताची चपटी नको, जुन्या वाड्याच्या कुलपाची लांब, गोल दांड्याची आणि एका बाजूला दात असलेली. आमच्या घरची सासूबाईंच्या ट्रंकेची आहे. तळहातावर अशी ठेवायची की दांडा बोटांच्या कडेला आडवा, दात तळव्याच्या बाहेर आणि तुमच्या अंगाकडं कललेले. मग हात बोटांच्या टोकाकडं इतका हळू कलवायचा की कलवतोय हे तुमच्या खांद्यालासुद्धा कळू नये. किल्ली आपली आपण कूस बदलते. वर्गात पस्तीस पोरं श्वास धरून बसतात. गोष्ट मात्र सांगावी लागते, ही किल्ली कुणाची, कुठलं कुलूप, ते कुलूप आता कुठं आहे. गोष्ट नसेल तर नुसती किल्ली वळली एवढंच राहतं. फक्त "भूत आहे" असं सांगत नाही मी पोरांना, शेवटी प्रत्येकाच्या हातावर ठेवते आणि शिकवते. नंतर घरी जाऊन त्यांनी खरंच भुताचं मानलं तर मला ते चालणार नाही.

चमचा वाकवायचा मोह होईल, पण जेवणाच्या टेबलावर आपल्या शक्तीनं वाकवला असं कुणाला पटवू नका.

उद्यमनगर_टर्नर

बाईंचं चमच्याचं एकदम पटलं. युरी गेलरनं सत्तरच्या दशकात हेच आपल्या अंगात शक्ती आहे म्हणून दाखवलं आणि जेम्स रँडीनं, जो स्वतः जादूगार होता, तेच हातचलाखीनं करून दाखवलं. मी कुणालाही दाखवताना आधीच सांगतो, हे हाताचं काम आहे. सांगितलं तरी मजा कमी होत नाही, स्वतः बघितलंय.

जुना_हात_कोल्हापूर

क्रम असा लावा : किल्लीनं सुरुवात, हळू असते, लोक जवळ येतात. मग वीसचं नाणं, पेनाच्या हिशोबानं. शेवटी नोट आणि यू पिना, कारण ती वस्तू त्यांच्या हातात राहते. एका टेबलाला तीनच, चौथं मागितलं तरी पुढच्या टेबलाला चला. हाताला घाम असेल तर रुमालानं पुसा पण पावडर लावू नका, एकदम कोरड्या हातातनं नाणं जास्त सटकतं.

मंगळवारपेठकर

कालच्या साखरपुड्याचं सांगायला आलो. पाच टेबलं केली. तिसऱ्या टेबलाला नाणं पेनाबरोबर खिशात टाकताना किल्लीवर आपटलं आणि आवाज झाला, मी तसाच बोलत राहिलो, एका काकांनी मान वळवली पण काही बोलले नाहीत. आता पेनाचा खिसा वेगळा ठेवणार, त्यात दुसरं काही नाही. पिना अडकल्या तेव्हा बहिणीनं त्या नोटेसकट पर्समध्ये ठेवून घेतल्या.

आणि भाची. तिला सगळ्यात शेवटी केलं. मूठ पुढं केली तसा तिनं उजवा हात धरलाच, पेन काढून बाजूला ठेवलं, बोटं उलगडली, हात उलटा केला, बाही वर सरकवली, मग डावी मूठ उलगडली. काही नाही. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, माझ्या तळव्यावरनं बोट फिरवत राहिली, आणि मग म्हणाली, "मामा, परत कर. या वेळी मी तुझ्या डोळ्याकडं बघणार नाही."

आता हिला काय दाखवू, सांगा.