मदत हवी आहे : काय्डेक्सचे होल्स्टर घट्ट बसते, पण पकड चुकीच्या जागी येते

नमस्कार.

काय्डेक्सच्या (तापवल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या) शीटपासून पिस्तुलासाठी पट्ट्याला अडकवायचे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, घरच्या घरी बनवण्याचे काम मी हाती घेतले आहे. शीट २ मिलिमीटर जाडीची आहे आणि दोन वेगळे तुकडे जोडण्याऐवजी मी एकाच तुकड्याची घडी घातली आहे. घडी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) वरच्या अंगाला आणि जोड ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या संरक्षक कड्याच्या) बाजूला येतो. साच्यासाठी खरे शस्त्र न वापरता त्याच मापाची भरीव प्लास्टिकची प्रतिकृती वापरतो. शीट ओव्हनमध्ये कापडासारखी लवचीक होईपर्यंत तापवायची, प्रतिकृतीभोवती गुंडाळायची, फोम लावलेल्या दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये ठेवून क्लॅम्प आवळायचे आणि पूर्ण थंड झाल्यावरच बाहेर काढायची, अशी पद्धत ठेवली आहे.

अडचण अशी की प्रतिकृती आत सरकवल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन ती घट्ट बसते खरी, परंतु नीट पाहिल्यास ही पकड ट्रिगर गार्डपाशी नसून इजेक्शन पोर्टच्या (स्लाइडवरच्या, रिकामे काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीच्या) कडेपाशी आहे. त्यामुळे बाहेर काढताना सुरुवातीला जोर लावावा लागतो, मग ती एकदम सुटते, आणि किंचित पिळ दिला तर जोर न लावताही निसटते. फोरसाइट (नळीच्या टोकाकडची, नेम धरण्यासाठीची खुंटी) आतल्या भिंतीला घासते, हा दुसरा त्रास. ट्रिगर गार्डचा आकार मात्र बोथट उमटला आहे. तो भाग हीट गनने पुन्हा मऊ करून बोटांनी दाबला, तेव्हा आकार थोडा सुधारला, पण पृष्ठभागावरची खरखरीत नक्षी जाऊन तेथे चकाकी आली.

पकड ट्रिगर गार्डवर आणण्यासाठी साच्यात बदल करावा की दाबण्याच्या पद्धतीत, आणि चकाकी आलेला भाग कमकुवत झाला असे समजावे का, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर आहे. दोन्ही ठिकाणी काम करावे लागेल, पण आधी साच्याकडे लक्ष द्यावे. मऊ शीटला जिथे खड्डा सापडेल तिथे फोम तिला ढकलतो, आणि इजेक्शन पोर्ट हा स्लाइडवरचा सर्वांत मोठा, सरळ कडांचा खड्डा असल्यामुळे शीट तेथे खिळीसारखी अडकते. म्हणून पोर्ट लाकडाच्या तुकड्याने किंवा घट्ट होणाऱ्या लांबीने (पुट्टीने) स्लाइडच्या पातळीपर्यंत भरून त्यावर मास्किंग टेप लावावी. फोरसाइटसाठी तिच्याहून थोडी रुंद आणि थोडी उंच अशी लाकडी पट्टी स्लाइडच्या माथ्यावर फोरसाइटपासून मागच्या टोकापर्यंत चिकटवावी. पिस्तूल नळीच्या बाजूने आत जात असल्याने फोरसाइटला होल्स्टरच्या तोंडापासून तळापर्यंत मोकळी वाट लागते; केवळ ती जिथे थांबते तिथे जागा ठेवून भागत नाही.

ट्रिगर गार्डच्या पोकळीबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण येथे प्रश्न केवळ सफाईचा नाही. पकड येण्यासाठी शीट गार्डच्या आतल्या पुढच्या कडेपाशी दोन्ही बाजूंनी थोडी खाली उतरायला हवी, पण ट्रिगरला तिचा स्पर्श कोणत्याही स्थितीत होता कामा नये. त्यामुळे ट्रिगरच्या आसपासची पोकळी आधीच भरून घ्यावी आणि फक्त पुढचा भाग उथळ ठेवावा. तयार होल्स्टरने गार्ड पूर्ण झाकलेला असावा, आणि बाहेरून अंगठ्याने जोरात दाबले तरी आतला ट्रिगर हलू नये.

आता दाबण्याविषयी. काय्डेक्स हे अॅक्रिलिक आणि पीव्हीसी यांचे मिश्रण असून साधारण १६५ ते २०० अंश सेल्सिअस या टप्प्यात ते साच्यात घालण्याजोगे होते. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आतल्या तापमानाशी जुळेलच असे नाही, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा. शीट बाहेर काढताच पातळ कडांपासून थंड होऊ लागते. क्लॅम्प आवळायला अर्धा मिनिट गेला तर बारकावे उमटत नाहीत. फळ्या, फोम आणि क्लॅम्प अगोदरच मांडून ठेवावेत. फोम बंद छिद्रांचा आणि कडक हवा. वापरून वापरून त्यात खड्डा पडला असेल, तर नेमका जिथे जोर हवा तिथेच तो कमी पडतो. माझ्या मते बोथट ट्रिगर गार्डचे कारण बहुधा हेच असावे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. चकाकीपुरते उत्तर देतो. शीटवरची नक्षी कारखान्यात उमटवलेली असते आणि जास्त उष्णतेने ती सपाट होते. एवढ्यावरून ताकद गेली असे म्हणता येत नाही. मात्र बुडबुडे, तपकिरी झाक किंवा झोंबणारा वास आला असेल, तर तो तुकडा टाकून द्यावा. अति तापल्यावर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, म्हणून काम हवेशीर जागी करावे आणि अन्न शिजवण्याचा ओव्हन यासाठी वापरू नये. कडा घासतानाही तोंडाला मास्क हवा.

पकडीचे बारीक समायोजन साच्यावर सोडू नये. ट्रिगर गार्डच्या खाली, जोडाच्या दोन थरांमध्ये रबराचा वॉशर ठेवून त्यातून स्क्रू घालावा. स्क्रू आवळला की थर जवळ येतात आणि पकड वाढते. त्यासाठी त्या जागी थरांमध्ये फट असायला हवी. ते एकमेकांना चिकटून बसले असतील, तर स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग शून्य.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. साच्यातले बदल लगेच करतो. एक शंका राहते. हेच होल्स्टर पुन्हा तापवून नव्या साच्यावर दाबता येईल का, की नवी शीट कापावी? कडा घासून झाल्या आहेत आणि आयलेटची (दोन थर जोडणाऱ्या धातूच्या कड्यांची) भोकेही पाडली आहेत.

प्रतिसाद १

नवी शीट कापावी. पूर्ण तापवल्यास काय्डेक्स आपल्या मूळ सपाट आकाराकडे परतते, ही त्याची मोठी सोय आहे, पण आपली भोके ताणली जाऊन समोरासमोर येणार नाहीत, आणि पट्टी व भरलेला पोर्ट यांमुळे साच्याचा घेर वाढल्यावर घासलेल्या कडांपाशी जोडाला पुरेशी जागा उरणार नाही. जुना तुकडा ओव्हनचे तापमान तपासायला ठेवावा. नव्या शीटला सर्व बाजूंनी थोडी जास्तीची कड ठेवा, कारण पहिल्यांदा तापताना ती एका दिशेने किंचित आकसते. भोके शेवटी पाडा आणि ड्रिलचा चुरा आतून पूर्ण काढा. तो राहिला तर स्लाइडवर चरे उमटतात.

चाचणी आधी प्रतिकृतीवरच करा. होल्स्टर उलटे धरून हलवा, पिळ देऊन पाहा, मग स्क्रू थोडा थोडा आवळा. खऱ्या पिस्तुलाची पाळी आली की मॅगझिन काढून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवल्यानंतरच ते आत घालावे.