१९६७ ची एमजीबी : बॉनेटला लूव्हर पाडायचे आहेत, सल्ला हवा

पऱ्हाटीवाला, हिंगणघाट
नमस्कार मंडळी. मोठ्या काकांची १९६७ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आली आहे. मूळचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे). नागपूर रोडला गाडी सुरेख पळते, तापमानाचा काटा मधोमध. पण उन्हाळ्यात जाम गावच्या चौरस्त्यावर चहाला थांबलं की नंतर सुरूच होत नाही. बॉनेट उघडं ठेवून वाट पाहिली की होते. म्हणून जॅग्वार ई-टाइपला असतात तसे लूव्हर (गरम हवा निघायला पत्र्यातच उचललेल्या फटी) बॉनेटच्या मागच्या भागात, काचेजवळ पाडावेत असं मनात आहे. काम कोणाकडून करून घ्यावं? काकांनी ही गाडी जिवापाड जपली, पत्र्याची वाट लागायला नको.

गॅरेजवाला, यवतमाळ
भाऊ, कापाच्या आधी एक पाहा. काटा मधोमध राह्यते अन् थांबल्यावरच गाडी अडते, म्हणजे रेडिएटरचा दोष नाही. कार्बोरेटरातलं पेट्रोल उकळून राह्यलं. या गाडीत एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा पाइप) अन् कार्बोरेटर एकाच अंगाले, डाव्या. मधात एक पत्रा राह्यते, त्याले मॅनिफोल्डकडून उष्णता अडवायचा थर असते. इतक्या वर्षांत तो झडूनच जाते. पह्यले तो नवा लावा. जुना थर अॅस्बेस्टॉसचा असू शकते, कोरडा घासू नोका. अन् आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल राह्यते, त्यानं जुने रबरी पाइप खराब होते. ते आधी बदला. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल टपकलं त आग लागन. लूव्हर मंग पाहू.

हवाबाज, अमरावती
वरचा सल्ला शंभर टक्के बरोबर. त्यानंतरही लूव्हर हवेच असतील, तर काचेजवळची जागा मनातून काढून टाका. हा मुद्दा मी थोडा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

धावत्या गाडीवरची हवा बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळताना वेग घेते आणि तिथे दाब कमी होतो. तीच हवा पुढे काचेला अडते, म्हणून काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. गाडीच्या आतल्या हवेची जाळी एमजीबीत नेमकी तिथेच दिली आहे, ती याच कारणाने. १९६९ च्या शेव्हरले कॅमेरोला तर इंजिनला हवा पुरवणारं तोंड काचेकडे केलेलं बॉनेट मिळायचं. म्हणजे तिथे पाडलेल्या लूव्हरमधून धावताना गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच आत शिरेल, आणि गाडी थांबली की इंजिनची वाफ त्या जाळीतून तुमच्या पायांवर येईल. लूव्हर रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात हवेत.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. सलाईनची पारदर्शक नळी घ्या, फळीवर इंग्रजी यू आकारात बसवा, रंगीत पाणी भरा. एक टोक इंजिनच्या कप्प्यात सोडा. दुसरं बॉनेटवर आडवं चिकटवा, तोंड टेपने बंद करा आणि नळीला कडेने बारीक छिद्र पाडा, म्हणजे वारा सरळ आत घुसणार नाही. बॉनेटच्या बाजूचं पाणी चढलं तर त्या जागी वर दाब कमी, हवा बाहेर निघेल. उतरलं तर ती जागा सोडा. ताशी ८० किलोमीटरला समोरच्या हवेचा पूर्ण जोर जेमतेम ३० मिलिमीटर पाण्याइतका असतो, तेव्हा फरक थोडाच दिसणार. फळी तिरपी ठेवली की वाचायला सोपं जातं. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, चालवणाऱ्याने नाही.

पत्राकाम, हिंगणा एमआयडीसी
आधी बॉनेटला चुंबक लावा. सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असायचं, पुढे स्टीलचं आलं. चुंबक चिकटला नाही तर त्या बॉनेटला हात लावू नका. तडा गेला तर आर्गन वेल्डिंग लागतं आणि ते पातळ पत्र्यावर साधणारा हात सहज मिळत नाही.

नागपुरात कूलरच्या जाळ्या बनवणाऱ्यांकडे लूव्हरची डाय (पत्रा दाबायचा साचा) असते. डाय एकाच दाबात पत्रा चिरते आणि उचलते, पत्रा कापून फेकावा लागत नाही, उलट त्याला ताठपणा येतो. पण कूलरचा पत्रा बॉनेटपेक्षा पातळ, तेव्हा बॉनेटच्याच जाडीच्या तुकड्यावर आधी नमुना काढून घ्या. ग्राइंडरने फटी पाडून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नका. बॉनेटखालच्या पट्ट्या कापल्या की पत्रा फडफडतो. ई-टाइपच्या अगदी पहिल्या गाड्यांचे लूव्हर वेगळे करून जोडलेले होते, नंतर बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढू लागले. तुम्हीही दाबूनच काढा.

कागदपत्र, वर्धा
माझं स्पष्ट मत : मूळ बॉनेट कापूच नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. त्यात चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. तशी नोंद झाल्यावर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, म्हणून घाई करू नका, पण दारही बंद करू नका. स्टीलचं दुसरं बॉनेट मिळवा, त्यावर काम करा, काकांचं गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा.

पऱ्हाटीवाला, हिंगणघाट
सगळ्यांचे मनापासून आभार. चुंबक चिकटला नाही, बॉनेट अॅल्युमिनियमचंच. ते आता जसंच्या तसं राहील. मॅनिफोल्डकडचा थर खरंच गेलेला होता, नवा लावतो आहे. नळी लावून पाहिली. काचेजवळ बॉनेटकडचं पाणी उतरतं, रेडिएटरच्या मागे चढतं. दुसऱ्या बॉनेटचा शोध सुरू केला आहे. एकच शंका उरली, आपल्याकडच्या पावसाचं काय?

पत्राकाम, हिंगणा एमआयडीसी
लूव्हरची तोंडं मागे, काचेकडे ठेवा, म्हणजे धावताना पाणी फारसं शिरत नाही. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) उजव्या अंगाला आहे, त्याच्यावर एकही लूव्हर नको. ओळी डावीकडेच काढा, गरम बाजूही तीच. आतून पन्हाळीसारखी पट्टी बसवून पाणी कडेला काढून द्या. ओली कड उघडी राहिली की गंज तिथूनच धरतो, म्हणून रंगाआधी प्रायमर चिरेच्या आतपर्यंत मारून घ्या. आणि जिनिंगचा हंगाम आला की रेडिएटरवर बसलेला कापूस मागून पुढे हवा मारून काढत जा. तो साचला तर कितीही लूव्हर पाडले तरी काटा चढेलच.