सुपरवायझर झाल्यापासून मी मी राहिलोच नाही असं वाटतंय

वेर्णा_शिफ्ट: वेर्ण्याच्या कारखान्यात आठ वर्षं मशीनवर होतो, आता सुपरवायझर. आधीचे साहेब खूप ओरडायचे म्हणून मीपण आवाज चढवतो, कारण मऊ राहिलो तर कोण ऐकणार, पण घरी फोंड्याला पोचेपर्यंत बसमध्ये स्वतःचाच राग येतो. खरं वागून टीम चालवता येते का?

म्हापसेकर_ताई: येते रे. कार्ल रॉजर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, ते म्हणायचे की आपण स्वतःला जसे दिसतो आणि जसं असायला हवं असं वाटतं, यातलं अंतर वाढलं की माणूस आतून अस्वस्थ होतो. तुझ्या मनातला 'साहेब' उसना आहे, तो आधी बदल.

डिचोलीचा: ताईंचं पटलं, पण नुसता विचार करून कळत नाही हो. १९५५ ची जोहारी विंडो बघा, म्हणजे स्वतःला ओळखायची एक आकृती, त्यात आपल्या स्वभावाचे चार खाने असतात आणि एक खाना लोकांना दिसतो पण आपल्याला नाही. मी चवथीच्या सुट्टीआधी टीममधल्या दोघांना विचारलं, माझं काय खटकतं? एक म्हणाला, तुम्ही ऐकताना मोबाईल बघता. लागलं मनाला, पण खरं होतं.

वेर्णा_शिफ्ट: विचारायची भीती वाटते, पण उद्या चहाच्या वेळी जुन्या जोडीदाराला विचारतो.

म्हापसेकर_ताई: विचार, आणि तो बोलत असताना मध्ये सफाई देऊ नको.