चर्चा : परदेशी वस्ताद आणावा की असलेला टिकवावा?

रावपुरेकर : म्युनिक ऑलिंपिकमध्ये १९७२ साली ब्राझीलला ज्यूदोतले पहिले पदक, कांस्य, मिळवून देणारे चिआकी इशी जन्माने जपानी होते. १९६४ मध्ये टोकियोत ज्यूदो प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, पण मायदेशाच्या संघात त्यांना जागा मिळाली नाही आणि त्याच वर्षी ते ब्राझीलला गेले. पुढे त्यांनी तेथलेच नागरिकत्व घेतले, साओ पाउलोत शिष्य घडवले, आणि तानिया व वानिया या त्यांच्या मुलीही ब्राझीलकडून ऑलिंपिक खेळल्या. आपल्या वडोदऱ्यातल्या मुलांनाही दहा दिवसांच्या शिबिराला येणारा पाहुणा नको, येथे बिऱ्हाड थाटणारा असा वस्ताद हवा.

मांडवीकर : एकटा वस्ताद आला की विद्या रुजते, हे मला मान्य नाही. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून जपानी ज्यूदो वस्ताद शिंझो ताकागाकी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले, त्यांनी मुलामुलींना ज्यूदो शिकवला आणि दोनेक वर्षांत ते गेले. तेवढ्याने ज्यूदो देशभर पसरला नाही. याउलट ब्राझीलमध्ये १९०८ पासून कॉफीच्या मळ्यांवर जपानी कुटुंबे येत होती आणि इशी पोहोचले तेव्हा सरावाला जोडीदार आधीच तयार होते. जोडीदाराविना ज्यूदोपटू म्हणजे बैलाविना नांगर.

रावपुरेकर : जमीन आपलीही पडीक नाही. ज्या गावात जुम्मादादांची व्यायामशाळा आहे आणि जेथे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली योगसंशोधक स्वामी कुवलयानंद तयार झाले, तेथे वस्तादाला शिष्य मिळणार नाहीत, असे कसे म्हणता?

कारेलीबागवासी : शिष्य आहेत, माझीच मुलगी आहे. पहिला महिना तिला निव्वळ पडायला शिकवले : हनुवटी छातीशी, तळहात मॅटवर सपकन. घरी गादीवर ती तेच करत बसे. तरुणपणी लाल मातीत उतरलेले तिचे आजोबा ते पाहून म्हणाले, "पाठ लागली म्हणजे हरलीस की गं!" ज्यूदोत आधी नीट पडता यावे लागते, हे त्यांना अजून पटलेले नाही. (मलाही पटायला वेळ लागला.) पण मुद्दा वेगळा आहे. तिला शिकवणारे सर मणिपूरचे; घरापासून इतक्या दूर येऊन, गुजराती शिकून ते येथे राहू पाहत होते. त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर ठेवले होते, मानधन दोन-दोन महिने रखडे, आणि शेवटी ते निघून गेले. आपल्याच देशातून आलेला माणूस ज्यांना टिकवता येत नाही, त्यांनी जपानकडे कशाला पाहावे?

रावपुरेकर : हे मला ठाऊक नव्हते. तरीही उत्तम वस्तादाची अपेक्षा सोडावी, असे मला वाटत नाही. करार मात्र निदान पाच वर्षांचा हवा.

मांडवीकर : त्या सरांना परत बोलावण्यासाठी पालक अर्ज देणार असतील, तर माझी सही धरा. परदेशी वस्तादाबद्दल माझे मत आहे तेच आहे.