ऑलिव्हिनबहुल अकॉन्ड्राइटचा गट कसा निश्चित करावा?

प्रश्न:
एका दगडी अशनीचा पातळ छेद ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात सुमारे 90 टक्के ऑलिव्हिन (लोह-मॅग्नेशियमचे सिलिकेट खनिज), थोडे पायरोक्सीन (दुसरे सिलिकेट खनिज) आणि क्रोमाइट (क्रोमियम-लोहाचे ऑक्साइड) आढळले. कॉन्ड्र्यूल (बहुतेक दगडी अशनींत आढळणारे गोलसर कण) मात्र एकही दिसले नाही, म्हणजे ही अशनी अकॉन्ड्राइट आहे. एवढ्यावरून त्यास ब्रॅचिनाइट (ऑलिव्हिनबहुल अकॉन्ड्राइटचा एक गट) म्हणता येईल काय, की युरेलाइट आणि लोड्रानाइट या इतर अकॉन्ड्राइट गटांचाही विचार करावा लागेल?

उत्तर 1:
लोड्रानाइट बहुधा वगळता येईल, कारण त्यात ऑर्थोपायरोक्सीन आणि लोह-निकेल धातूही ठळक प्रमाणात असतात. युरेलाइटसाठी स्फटिकांच्या कडा बारकाईने तपासाव्यात. त्यात ऑलिव्हिन आणि पिजनाइट (पायरोक्सीनचा एक प्रकार) यांच्या कणांमधील जागेत ग्राफाइटच्या, क्वचित हिऱ्याच्याही रूपात कार्बन असतो. या कार्बनमुळे ऑलिव्हिनमधील लोहाचे क्षपण (ऑक्सिजन निघून जाणे) होऊन कडा मॅग्नेशियमने समृद्ध होतात आणि त्यांत धातुरूप लोहाचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले दिसतात. अशा काळपट कडा नसतील, तर युरेलाइटची शक्यता फारच कमी होते.

उत्तर 2:
वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु मंगळावरून आलेल्या शासिनाइटचा उल्लेख राहून गेला आणि माझ्या मते गफलतीचा खरा धोका तिथेच आहे. 1815 मध्ये फ्रान्समध्ये पडलेली शासिनी अशनी जवळजवळ संपूर्ण ऑलिव्हिनचीच आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1974 मध्ये सापडलेली ब्रॅचिना अशनी खनिजरचनेत तिच्याशी इतकी मिळतीजुळती होती, की अभ्यासकांनी प्रारंभी तिलाही शासिनाइटच मानले. दोन्हींच्या ऑलिव्हिनमध्ये फायालाइटचा (ऑलिव्हिनमधील लोहयुक्त घटकाचा) वाटा 30 टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे त्या आकड्यावरूनही निवाडा होत नाही. त्यांना वेगळे केले ते वयाने आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंनी): शासिनी सुमारे 1.3 अब्ज वर्षांपूर्वी स्फटिकीभूत झाली, तर ब्रॅचिनाचे वय 4.5 अब्ज वर्षांहून अधिक आहे; आणि तीन समस्थानिकांच्या आलेखावर मंगळाचे खडक पृथ्वीवरील खडकांच्या रेषेच्या वर, तर ब्रॅचिनाइट खाली येतात. म्हणून खनिजांच्या टक्केवारीवरून आपण फक्त उमेदवार निवडावेत; मूळ पिंडाचा (अशनी ज्या ग्रहापासून वा लघुग्रहापासून आली त्याचा) निर्णय समस्थानिकांवर सोपवावा.

उत्तर 3:
समस्थानिकांनाही मर्यादा आहेत. अकापुल्कोआइट (आणखी एक अशनी-गट) आणि लोड्रानाइट यांचे ऑक्सिजन समस्थानिक एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे त्यांच्यातील भेद मुख्यतः कणांच्या आकारावर, म्हणजे बारीक की भरड यावर, केला जातो आणि सीमारेषेवरील नमुन्यांबाबत मतभेद राहतात. प्रस्तुत नमुन्यासाठी प्रथम इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉन शलाकेने खनिजाची रासायनिक रचना मोजणाऱ्या उपकरणाने) ऑलिव्हिनमधील लोह-मँगनीज गुणोत्तर मोजावे, कारण ते मूळ पिंडानुसार बदलते आणि त्यासाठी नमुना नष्ट करावा लागत नाही. शिवाय कण भरड असल्यास एका छेदातील 90 टक्के हा आकडा संपूर्ण दगडाला लागू होईलच असे नाही. निदान आणखी एक छेद दुसऱ्या भागातून घ्यावा.