एकाच स्पॅनिश नाण्यावर रोमन आठ आणि बारा: खोटं आहे का?

तांबडा_पैसा: उद्या संध्याकाळपर्यंतच परत करता येईल, म्हणून घाईत विचारतोय. तांब्याचं नाणं, वेडंवाकडं, किल्ला, त्यावर रोमन आठ आणि रोमन बारा दोन्ही ठोकलेत. एका नाण्याला दोन किमती कशा? फसलो का?

गोदाकाठ: फोटो? वजन? मागच्या बाजूला काय आहे?

जुना_हिशेब: चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवा, लख्ख होतं. आमच्याकडच्या शिवराया मी अशाच उजळवल्या.

गोदाकाठ: काका, कृपया असं सांगू नका! ठशाच्या कडा गेल्या की ओळखच जाते.

तांबडा_पैसा: मागे सिंह. वजन ६ ग्रॅमच्या आसपास.

रूळ_की_हातोडा: स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या टांकसाळीत तेव्हा पाण्यावर फिरणारे, नाणी दाबून काढणारे रूळ होते, नाणी गोल निघत. वेडंवाकडं म्हणजे खोटं.

गोदाकाठ: रूळ सेगोव्हियात होते. बाकीच्या टांकसाळींत हातोडाच चालायचा, त्यामुळे आकारावरून काही ठरत नाही. आणि दोन आकड्यांना तर सरळ कारण आहे. स्पेनचा राजा फिलिप तिसऱ्याने १६०३ मध्ये ४ मारावेदींच्या (मारावेदी म्हणजे तिथलं हिशेबाचं छोटं एकक) जुन्या नाण्यावर आठचा ठसा मारून किंमत दुप्पट केली. १६२८ मध्ये ती पुन्हा निम्मी, म्हणजे ४ झाली. १६३६ मध्ये फिलिप चौथ्याने तिप्पट करून बाराचा ठसा मारला. १६४२ मध्ये तेच नाणं २ वर आलं! पाव-तेल विकणाऱ्याचा गल्ला रातोरात आटायचा. ३४ मारावेदींचा चांदीचा रेआल ज्याच्याकडे असेल तो वर बट्टा घेतल्याशिवाय सोडत नसे. हुआन दे मारियाना या जेझुइट पाद्री-विद्वानाने १६०९ मध्ये याविरुद्ध लिहिलं, तर त्याला कैदेत टाकलं.

मांडवीकर: १५८० ते १६४० पोर्तुगालचाही राजा स्पेनचाच ना? मग गोव्यातही हीच नाणी?

गोदाकाठ: राजा एक, नाणी वेगळी. गोव्याच्या बाजारात बझारुक नावाची तिथली हलकी नाणी चालायची.

तांबडा_पैसा: गोवा नंतर हो! ठेवू की परत करू?

गोदाकाठ: दोन आकडे आहेत म्हणून परत करू नका. पण खरंच आहे असं फोटोशिवाय मी म्हणणार नाही, तांब्याची खोटी नाणी त्या काळीही उदंड होती. आठच्या ठशाजवळ टांकसाळीची खूण शोधा: टोलेडोचा टी, सेगोव्हियाची कमानींची जलवाहिनी.

तांबडा_पैसा: भिंगातून टी सारखं काहीतरी दिसतंय, वरची रेघ अर्धीच आहे. उजेडात फोटो काढून टाकतो.